कॉलर ताठ

...आणि वर मलाच विचारतो, "काका, मीडियम देऊ की लार्ज?" अहो, मान आहे ही! माणसाची मान! तयार कपड्यांच्या दुकानात टांगलेला बनियन आहे का, मीडियम आणि लार्ज? मी म्हटलं, "डॉक्टर, टेप आहे का?" म्हणाला, "कसली टेप?" म्हटलं, "मोजायची! गळ्याचं माप घ्या आधी!" तर असा बघायला लागला माझ्याकडे, जसा काही मार मानेला नाही, डोक्याला बसलाय! शेवटी दिली मीडियम कॉलर. ही बघा, गळ्यात आहे ती. हसा, हसा ताई, तोंडावर हात कशाला, नंबर यायला अजून अर्धा तास आहे. आजोबा, तुम्ही मात्र जरा समोरच्या बाकावर या, बाजूला बसून विचारलंत की मला कपाटासारखं अख्खं फिरावं लागतं.

तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं लोकांच्या कॉलरी शिवल्या मी. आत कडक अस्तर घालून, अशी की घातल्या घातल्या माणूस दोन इंच उंच दिसेल! आणि माझ्याच गळ्यात ही... स्पंजाची... चिकटपट्टीवाली... आणि कड कशी टोचायची म्हणता! पहिल्याच दिवशी घरी जाऊन मऊ कापडाचा गोट लावला तिला आणि चिकटपट्टी एक बोट सरकवून शिवली. आता बसते झकास. माप चुकलं होतं हो, माप!

आजोबा विचारतायत, पडलात का? नाही, नाही. पडलो नाही, झोपेत अवघडली नाही, मारामारी तर या वयात कोण करणार माझ्याशी. ही कॉलर मला मिळाली आहे आमच्या हिच्यामुळे... म्हणजे हिच्यामुळे नाही, ऐकलं तर घरात घेणार नाही... माझ्यामुळेच. पण अभिमान आहे त्याचा! हो, गळ्यात पट्टा घालून सांगतो, अभिमान आहे!

झालं काय, आमच्या मुलीची बदली झाली आणि जाताना ती आपली गाडी आमच्या दारात उभी करून गेली. "बाबा, वापरा." वापरा काय वापरा? मला शिवणयंत्राखेरीज दुसरं काही चालवता येत नाही! पण आमची ही म्हणाली, "मी शिकते." पंचावन्नाव्या वर्षी! आता हिला हौस होती असं नाही हं. हिची थोरली बहीण, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणात. आणि ही आठवड्यातून तीनदा दोन बस बदलून तिच्याकडे जायची, तिला न्हाऊमाखू घालायची, दोन घास भरवायची, परत दोन बस. त्यात दुसरी बस झाली बंद. मग स्टॉपपासून अर्धा तास चालत. तिकडे बहीण दाराकडे डोळे लावून बसलेली. आता सांगा, गाडी दारात धूळ खात असताना बाई काय करेल? शिकेल!

गेली ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. तिथले मास्तर... काय सांगू... माणूस वाईट नाही, पण शिकवतात कसे? एक हात खिडकीबाहेर, दुसरा मोबाइलवर, आणि तोंडाने, "क्लच काकू... क्लच... काकू क्लच... अहो काकू, तो वायपर आहे!" महिनाभर चाललं. ही पहिल्यांदा परीक्षेला बसली, नापास. दुसऱ्यांदा बसली, नापास. गाडी उडायची हो, बेडकासारखी! उडी मारायची आणि बंद पडायची, उडी मारायची आणि बंद पडायची. घरी आली की हिची कंबर धरलेली, नडगी ठणकतेय, मान आखडलेली. मी रोज पाठीला तेल चोळतोय. आणि मास्तर मला बाजूला घेऊन म्हणतात, "काका, राग मानू नका. काकूंना नाही जमायचं. काहींचा हातच नसतो."

हात नसतो? माझ्या बायकोचा? अहो, माझ्याकडच्या प्रत्येक शर्टाची काजं तिनं केली आहेत! सुईच्या टोकानं नाव काढेल तांदळाच्या दाण्यावर, आणि म्हणे हात नसतो! पण हिनं मनाला लावून घेतलं. त्या दिवशी घरी आली, गाडीची किल्ली घेतली आणि माझ्या बटणांच्या डब्यात टाकली. झाकण लावलं. म्हणाली, "अहो, तिसऱ्यांदा फी भरलीय म्हणून जाऊन येते. पण यावेळी नापास झाले तर गाडी लेकीला परत पाठवा. ताईला सांगेन, आता आठवड्यातून एकदाच जमेल." आणि आत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसली. तोंड धुवायला इतका वेळ लागत नाही, तेहतीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं मला.

किल्ली काढली डब्यातून. म्हटलं, चल. मी बसतो गाडीत, बघतो तुझं काय चुकतंय. "तुम्ही? तुम्हाला काय कळतं गाडीतलं?" काही नाही कळत. म्हणूनच मागे बसलो! आता नीट ऐका, पुढच्या रिकाम्या सीटच्या माथ्यावर ती उशी असते ना, दोन दांड्यांवरची, हेडरेस्ट म्हणतात तिला, ती आडवी येत होती मला, रस्ता दिसेना, म्हणून मी ती दाबून पार खाली बसवली. हे लक्षात ठेवा बरं का, नंतर लागणार आहे.

तर मागे बसलो आणि बघतो तर काय! तुम्हाला सांगतो, डोक्याला हात लावला! सीट कुणाच्या मापाची? मुलीच्या! मुलगी माझ्यावर गेलेली, पावणेसहा फूट. आणि ही? पाच फूटही नाही, किती कमी ते सांगत नाही, पण मी कपडे शिवतो तिचे, मला माहीत आहे! ही त्या सीटच्या टोकावर, बाकड्यावर पाहुणी बसते तशी, पाठ टेकलेलीच नाही, क्लचला पाय पुरत नाही म्हणून दर वेळी कमरेतून खाली घसरते, दाबते, वर येते, घसरते, दाबते, वर येते! खाली मास्तरांनी दिलेली उशी, ती निसटतेय, तिच्यामुळे पट्टा कमरेवर बसायचा तो पोटावर आलाय, आणि डोक्यामागची उशी हिच्या डोक्यापासून हातभर लांब! अहो, बाईला गाडी येत नव्हती? बाई दुसऱ्याच्या अंगरख्यात नाचत होती! माप चुकलं होतं हो, माप!

आणि महिनाभर मास्तरांनी त्यांच्या गाडीत तरी एकदा सीट सरकवावी? मी विचारलं नंतर. म्हणाले, "काका, सीट सरकते, पण आम्ही सहसा सरकवत नाही, दिवसाला बारा जणं बसतात, कुणाकुणासाठी सरकवणार?" घ्या! म्हणजे माझ्याकडे बारा गिऱ्हाइकं आली तर सगळ्यांना एकच विजार?

आता मला हे कसं सुचलं? अहो, पायडल मीही चाळीस वर्षं मारलंय! सुरुवातीला मशीनचं स्टूल बुटकं होतं, दोन वर्षं कंबर गेली, वैद्य झाले, शेक झाला, आणि एक दिवस स्टुलाखाली दोन फळ्या ठोकल्या... गेलं दुखणं! तेव्हापासून मला माहीत आहे, कंबरेचं निम्मं दुखणं बसायच्या जागेत असतं. मग त्या गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. कप्प्यात असतं ते, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुणी म्हणून उघडत नाही. चष्मा लावून दोन दिवस वाचलं. ही म्हणते, "अहो, लग्नाआधी परीक्षांना एवढं वाचलं असतंत तर मोठ्या खुर्चीत असतात." म्हटलं, गप, मला आधी तुला नीट खुर्चीत बसवू दे.

आणि तिसऱ्या दिवशी टेप गळ्यात टाकून उतरलो खाली. शेजारीपाजारी गॅलरीत! "काका, गाडीला शर्ट शिवताय का?" बघा म्हटलं, बघा! पहिली ती मास्तरांची उशी काढून फेकली. ढुंगण मागे, पार मागे, पाठीला टेकून. सीट वर घेतली, तशी सोय होती हो त्या गाडीत, बाजूला दांडी होती, मुलीनं तिला कधी हातसुद्धा लावला नव्हता! मग सीट पुढे, एकेक खाच... थांब... क्लच पूर्ण दाब... गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे... अजून एक खाच... बास! पाठ सरळ, आरामखुर्ची नाही करायची. खांदे टेकलेले ठेवून मनगट चाकाच्या माथ्यावर पोचतंय? पोचतंय! छाती आणि चाक यांच्यामध्ये किती? एक वीत आणि चार बोटं. आणि शेवटी ती डोक्यामागची उशी. लोकांना वाटतं डुलकी काढायला दिली आहे. डुलकी कसली! मागून धक्का बसला की डोकं मागे फेकलं जातं, त्याला झेलायला आहे ती. तिची वरची कड आपल्या डोक्याच्या वरच्या कडेला, आणि मागे अंतर दोन बोटं. मी खरंच दोन बोटं घालून बघितली. ही म्हणते, "अहो, केस विस्कटतायत." विस्कटू दे!

मग प्रत्येक खाचेवर माझ्या खडूनं खूण केली. आणि वहीत लिहिलं, जसं गिऱ्हाइकाचं लिहितो तसं. "सौ. पुढे सात खाचा. उंची वरून दुसरी. डोकं तीन. मागे दोन बोटं." गाडी सुरू केली तिनं... आणि तुम्हाला सांगतो... गाडी चालली! उडी नाही, काही नाही, इस्त्री फिरावी तशी गेली कोपऱ्यापर्यंत! आरशात मला तिचे डोळे दिसत होते. हसत होते ते.

परीक्षेला आमचीच गाडी नेली, मी फाटकाबाहेर. साहेब आले, बसले शेजारी, चांगला आडवातिडवा माणूस, बसल्या बसल्या म्हणतात, "बाई, फार पुढे बसलात, सीट मागे घ्या." आणि आमची ही, जिनं तेहतीस वर्षांत कुठल्या साहेबाला उलट उत्तर दिलं नाही, ती म्हणते, "हात लावू नका. माप आहे ते." मला बाहेर ऐकू आलं! मी छाती फुगवून शेजारच्या अनोळखी माणसाला म्हटलं, "माझी बायको आहे ती." तो म्हणाला, "बरं." खांबांमधून उलटी गाडी काढली, चढावर थांबवली, पुन्हा उचलली, एक खांब पडला नाही. पास!

आता इथपर्यंत बरोबर आहे ना सगळं? मग माशी शिंकली कुठे? अहो, परत निघताना मी पुढे बसलो. हिच्या शेजारी. इतका खूश की सीटची पाठ अशी मागे पाडली, दिवाणखान्यात बसल्यासारखी, हात डोक्यामागे, म्हटलं, चला बाईसाहेब, घरी! आणि माझ्या डोक्यामागची उशी? आठवतंय ना? मीच दाबली होती. पार खाली! आणि कुणाचं माप घेतलं नव्हतं सांगा बघू गाडीत?

लाल सिग्नलला उभे होतो. शांत. आणि मागून एक टेंपो... धाड्! हिचं डोकं दोन बोटं मागे गेलं आणि उशीवर थांबलं. दोन बोटं! माझं मात्र उशीच्या वरून मागे लोंबकळून पुन्हा पुढे आलं. ही ओरडली, "अहो! लागलं का?" मी म्हटलं, "माझं राहू दे, तुझी मान? मान हलव आधी!" तिनं हलवली. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. "काही नाही हो, उशीला टेकली." आणि मला रडू आलं. दुखल्यामुळे नाही. दुखणं नंतर कळलं, तिच्याकडे वळून बघायला गेलो आणि वळताच येईना.

मग ही उतरली. टेंपोवाला म्हणतो, "मावशी, ब्रेक लागला नाही." ही म्हणते, "लागला नाही की लावला नाही? कानाला काय चिकटलंय ते?" मोबाइल होता. असं झाडलं त्याला, सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला! आणि मग मला नीट टेकवलं, आणि चालवत आणलं इथं, एक तासापूर्वी पास झालेली बाई, एकेक खड्डा चुकवत, पोटातलं पाणी हलू न देता!

तर डॉक्टर विचारतो, "गाडी कोण चालवत होतं?" ही म्हणते, "मी." "तुम्हाला काहीच नाही?" "नाही. ह्यांनी माझं माप घेतलं होतं ना." "आणि ह्यांचं?" इतके दिवस माप माप करणारा माणूस, छताकडे बघतोय! माप चुकलं नव्हतं हो... घेतलंच नव्हतं!

आता आठवड्यातून चार दिवस जाते बहिणीकडे. आत्ताही सकाळीच मला इथं सोडून तिकडेच गेली, येईल मला न्यायला. आणि गाडी सुरू करायच्या आधी माझ्या डोक्यामागे हात घालून म्हणते, माझ्याच आवाजात, "थांबा! दोन बोटं!" वहीत माझ्या अक्षराखाली तिनं लिहिलंय, "अहो. डोकं चार. पाठ सरळ. लाड नाहीत." आजोबा, जरा खिडकीतून बघा ना, पांढरी गाडी आली का? आली? उशा दोन्ही वर आहेत ना? दोन्ही? शाबास!

काय? माझा नंबर? आलो, आलो! आता डॉक्टर म्हणेल, अजून तीन आठवडे घाला. घालतो. तुम्हाला सांगतो, मास्तर काय, शेजारीपाजारी काय, सगळ्यांना वाटलं होतं, म्हातारपणी मान खाली घालायला लावणार ही. नाही लावली! कॉलर ताठ आहे बघा माझी, एकदम ताठ! आता तर खाली घालायची म्हटली तरी जात नाही...

तेवढी माझी डावी चप्पल बाकाखाली कुठे गेली बघता का कुणीतरी?