प्रेमिलाचा साचा

हॅलो?… हो, मी रंभाबाई. देवरावनं दुकानात बोलावलं, म्हने तुझा फोन आहे. कोन?… प्रेमिला! अवं, रोज मावशी म्हनतं, आज रंभाबाई काहून?

…मिलमधून? मग मागं कापड विनायच्या साच्यांचा आवाज काहून येत नाही?… दार लावलं? बरं.

हो, काल फाटकावरच सांगितलं मले. माझं काम बंद. नवा कंप्युटर म्हनते, रंभाबाईचा साचा घडीघडी थांबते… आन प्रेमिलाचा थांबतच नाही! अवं, थांबंल कसा? तू पाळनाघरात लेकराले पाजायले जाय, तवा तुझे तुटले धागे कोन सांधे? मीच ना, माझा साचा बंद ठेवून!

सावडच ते. निंदनाले नाही का, आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या? लेकरू जागं झालं की तुझी चोळी ओली होय, मले लगेच कळे. त्या डब्याले कसं कळंल?

हो, हो… थांब. काय मान्य करू?… यंत्र खरं आन मी कामचोर? आन मग झाडू मारायले परत घेतील?

हे तुझं बोलनं नाही वं. बाजूले कोन उभं आहे?… नाव नको घेऊ. साहेब असंल तर नुसतं 'बरं' म्हन.

…म्हटलं!

मी नाही मान्य करत. खून करनाऱ्यालेही कोर्ट विचारते, काहून केला बाबा? मले कोनी विचारलं? मी कळमन्याच्या बाजारात मिरच्या निवडीन. पन उद्या लेकरू रडलं तर तुले पाजायले कोन सोडंल?

…हे रडून राहिलं का तेच? ऑफिसात?… पाज त्याले आधी. साहेबाले म्हन, तोंड फिरवा तिकडे.

आन आता तुझा साचा कोन पाहून राहिलं?… कोनी नाही?… गोपिकानं तिचाही बंद केला? रुखमाबाईनं?… सगळ्याईनं? म्हनून आवाज नाही! दार-बीर काही लावलं नव्हतं तुनं!

दे, साहेबाले फोन दे.

…नमस्कार जी. आता कोनाचं नाव सांगते तुमचा कंप्युटर?… सगळ्याईचंच? मग काढा सगळ्याईले… नाही?… मी येऊ?

येतो. पन कामचोर म्हनून कागदावर आंगठा द्यायले नाही. विचारायले बोलावत असाल तर येतो… 'बरं' काहून म्हनता जी? तुमच्याही बाजूले कोन उभं आहे? मालक, का आमच्या बाया?… विचारनार ना मले?…

हॅलो?… हॅलो?