एकविसाव्या मिनिटाचं शेपूट

ताई : ...आणि इथे तुम्ही लिहिलंय, "हॅचबॅक म्हणजे घरची गुणी सून, आणि स्पोर्ट्स कार म्हणजे..." पुढचं वाचत नाही. माझ्या वयाला शोभत नाही. ते वाक्य उडवलंय.

सारथी : उडवा की. ताई, तुमची कात्री आणि माझा लेख, अकरा वर्षांचा संसार आहे हा. बाकी झालं ना? चारला पान छपाईला जायचंय.

ताई : एक आकडा राहिला होता. स्पोर्ट्स कार शून्यापासून शंभरवर किती सेकंदांत जाते. तुम्ही जागा मोकळी सोडली होती.

सारथी : हां, तो रेकॉर्डिंगमध्ये बोललोय मी. गाडी चालवताना सगळं बोलून ठेवतो, तुम्हाला माहितेय.

ताई : माहितेय. म्हणून तर ऐकलं.

सारथी : कुठपर्यंत?

ताई : बसा. उभे का राहिलात?

सारथी : नाही, म्हणजे ती फाईल कापायची राहिली होती. शेवटी शेवटी नुसता वारा आहे.

ताई : वारा अठराव्या मिनिटाला आहे. एकविसाव्या मिनिटाला तुम्ही आहात. "आता हे चाक घसरू न देणारं बटण बंद करतो. सारथीला असल्या कुबड्या लागत नाहीत." मग सात सेकंद इंजिन. मग तुमचा आवाज, जरा वरच्या पट्टीत : "शेपूट, शेपूट, शेपूट." मग धप्प.

सारथी : शेपूट म्हणजे गाडीचं. मागची चाकं बाहेर निघाली की आम्ही शेपूट निघालं म्हणतो.

ताई : मला ठाऊक आहे, मी तुमचे लेख तपासते. पण शेजारी बसलेल्या ड्रायव्हरकाकांना ठाऊक नव्हतं. कंपनीने गाडी घेऊन पाठवलेला साधा माणूस. त्यांना वाटलं, समोर कुत्रं आलं. त्यांनी हँडब्रेक ओढला.

सारथी : तेच तर. हँडब्रेक ओढला म्हणून गाडी फिरली. लेखात मी किती सांभाळून लिहिलंय बघा. "सोबतच्या चालकाच्या अनवधानाने किरकोळ अपघात झाला." त्यांचं नावसुद्धा नाही.

ताई : पुन्हा ऐकवू?

सारथी : नको.

ताई : आधी धप्प आहे. मग दोन सेकंद काहीच नाही. मग कर्रर्र. हँडब्रेक ओढला तेव्हा गाडी रोपवाटिकेच्या खताच्या ढिगात जाऊन बसली होती. उभी गाडी त्यांनी आणखी पक्की उभी केली, एवढाच त्यांचा गुन्हा.

सारथी : दारं बंद आहेत ना?

ताई : बंद आहेत. पंखा वाढवू? घाम आलाय तुम्हाला.

सारथी : असू दे. ताई, रोपवाटिकेसमोरच्या चौकातल्या त्या गोलाला पानं पडली होती. ओली पानं.

ताई : सकाळीही तीच पानं होती. सकाळी त्याच गोलावर तुम्ही हॅचबॅक घातलीत, तेही ऐकलं. तिचं पुढचं तोंड वळेना. तुम्ही घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललात, आणि ती बिचारी आपण होऊन रस्त्यावर आली. तुम्ही काय म्हणालात? "हिला धाडस नाही." पाचपैकी तीन चांदण्या.

सारथी : पुढच्या चाकांना जोर असला की तसंच होतं. पाय उचलला की गाडी सावरते.

ताई : आणि मागच्या चाकांना जोर असला की?

सारथी : मग वळणात एकदम पाय उचलायचा नसतो. उचलला की मागचं पुढे येतं.

ताई : हे कोणी लिहिलं होतं? गेल्या वर्षी, चौकटीत, जाड टायपात?

सारथी : मीच.

ताई : आणि पाय कोणी उचलला?

सारथी : दोन्ही उचलले होते, ताई. सीटवर घेतले होते. रेकॉर्डिंगमध्ये ते दिसत नाही म्हणून सांगतो.

ताई : पाणी प्या.

सारथी : अकरा वर्षं लोक मला विचारतात, कुठली गाडी घेऊ. घरी आमची गाडी बायको चालवते. मला मागे घेताना अंदाज येत नाही. हे इथे कुणाला माहीत नाही.

ताई : सगळ्यांना माहितेय. ती तुम्हाला फाटकाशी सोडते आणि तुम्ही किल्ली बोटावर फिरवत आत येता. शिपाई तुमची नक्कल छान करतो.

सारथी : किल्ली कपाटाची असते.

ताई : तेही माहितेय. पण ते सगळं हसण्यावारी नेता येतं. मला झोंबलं ते पुढचं. धप्प झाल्यावर काका विचारतात, "साहेब, कुत्रं कुठंय?" तुम्ही म्हणता, "दिसत नाही."

सारथी : खोटं नाही बोललो. दिसत नव्हतंच.

ताई : मग ते म्हणतात, "माझी चूक झाली, साहेब. मी घाबरून हँडब्रेक ओढला." आणि तुम्ही, सारथी, तुम्ही त्यांना माफ केलंत. "असू दे हो काका, होतं असं कधीकधी." इतका मायाळू आवाज. मी तुम्हाला एवढं मायाळू कधी ऐकलं नाही.

सारथी : त्या क्षणी मला वाटलं, दोघांत मिटेल. गाडीला पोचा आला होता एवढाच. काकांनीच मग कडेला उभ्या असलेल्या हॅचबॅकला दोर बांधून ती गाडी ढिगातून ओढून काढली. कुरकुर नाही केली. सीटवरचं खत स्वतःच्या रुमालाने पुसलं.

ताई : तीन चांदण्यांवालीने पाच चांदण्यांवालीला ओढून काढलं. हेही लेखात नाही.

सारथी : मला काय माहीत, ते कंपनीत जाऊन स्वतःहून सांगतील?

ताई : सांगितलं. लेखी दिलंय. आज सकाळी कंपनीच्या बाईंचा मला फोन होता. म्हणाल्या, ड्रायव्हरला गाडीवरून उतरवलंय, सध्या गाड्या धुतोय. उद्या त्याला ठेवायचं की काढायचं ते ठरेल. तुमच्या लेखात काय आलंय ते बघून ठरवू, म्हणाल्या. छापलेलं पान फायलीला लावणार आहेत.

सारथी : उद्या?

ताई : उद्या. पान आज चारला जातं. आता साडेतीन.

सारथी : ताई, ते रेकॉर्डिंग... तुमच्याशिवाय कोणाकडे आहे?

ताई : कोणाकडे नाही. पुसायचं तर एक बटण आहे, हे इथे, माझ्या बोटाखाली. तुम्हाला बटणं बंद करायची हौस आहे म्हणून विचारते. करू बंद?

सारथी : आणि तुम्ही?

ताई : मी कोणाला सांगणार नाही. तुमची आणि माझी अकरा वर्षं आहेत. फक्त पुढच्या आठवड्यापासून तुमचे लेख दुसऱ्या कोणाला तपासायला द्या. मला तुमचा तो मायाळू आवाज ऐकू येत राहील.

सारथी : नका पुसू.

ताई : मग?

सारथी : लिहा. "सोबतच्या चालकाच्या" ते सगळं काढा. त्या जागी... "बटण मी बंद केलं. वळणात पाय मी उचलला. गाडी मी खतात घातली."

ताई : सावकाश. टाइप करतेय. "सोबतचे चालक"?

सारथी : "सोबतच्या चालकांनी हँडब्रेक ओढला, पण तेव्हा गाडी आधीच ढिगात होती. नंतर त्यांनीच ती बाहेर काढली, हॅचबॅकने." आणि हॅचबॅकच्या चांदण्या वाढवा.

ताई : किती?

सारथी : पाच करा. माझ्या नावापुढे चांदण्या छापत नाहीत ते बरंय.

ताई : नाव सारथीच ठेवायचं?

सारथी : ह्या आठवड्यात नुसतं "आमचा प्रतिनिधी" टाका. नाही, थांबा. सारथीच ठेवा. लाजायचं तर नाव हवं.

ताई : आणि हे काकांना छापून आल्यावर कळणार? हा फोन. नंबर मी घेऊन ठेवलाय. कंपनीच्या बाईंना मी आत्ता पान पाठवते. काकांना मात्र तुम्ही सांगायचं.

सारथी : मला जमणार नाही, ताई. काय बोलू?

ताई : मी मधे बोलणार नाही. आवाज मोठा करून ठेवा, म्हणजे माझ्यासमोर पुन्हा मायाळू होणार नाही तुम्ही.

(रिंग तीनदा वाजते. पलीकडे पाण्याचा आवाज.)

ड्रायव्हर : हॅलो? थांबा हां, नळ बंद करतो. बोला.

सारथी : काका, मी. वर्तमानपत्रातला. त्या दिवशीचा.

ड्रायव्हर : नमस्कार साहेब. गाडीचा काही त्रास झाला का तुम्हाला? मी लिहून दिलंय आमच्या ऑफिसात, साहेबांची काही चूक नाही म्हणून.

सारथी : काका, चूक माझीच आहे.

ड्रायव्हर : नाही साहेब, हँडब्रेक मीच...

सारथी : तुम्ही ओढायच्या आधी गाडी जाऊन आदळली होती. मी बटण बंद केलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी बोललो नाही. तुम्ही माफी मागितलीत आणि मी ती घेतली. आता खरं ते लिहिलंय, उद्या छापून येईल. तुमच्या ऑफिसलाही पाठवलंय. मी स्वतः येऊन सांगतो उद्या.

(पलीकडे बादली सरकवल्याचा आवाज.)

सारथी : काका? आहात ना?

ड्रायव्हर : आहे, आहे. साहेब, पण तुम्ही शेपूट म्हणालात की.

सारथी : ते गाडीचं. मागची चाकं घसरली की आम्ही लिहिणारे तसं म्हणतो. शेपूट निघालं, असं.

ड्रायव्हर : म्हणजे कुत्रं नव्हतंच?

सारथी : नव्हतं.

ड्रायव्हर : नक्की ना, साहेब?

सारथी : नक्की.

ड्रायव्हर : बरं झालं बुवा. चार दिवस झाले, सुटलो की त्या गोलाला जातो. म्हटलं, जखमी होऊन झुडपात पडलं असेल कुठे. नाव ठाऊक नाही, काय म्हणून हाक मारणार? बिस्किटं ठेवून यायचो. आज मग सरळ घरी जातो.