सुनेचा आयफोन

बावड्याच्या बसची वाट बघत दोघी उभ्या होत्या.

“तुमच्या मोनाला सासरच्यांनी आयफोन दिला म्हणं, आक्का?”

“दिला की. तिचा अँड्रॉइड काढून घेतला. म्हणले, आमच्यात समद्यांचे आयफोनच हायत.”

“नशीब काढलं पोरीनं!”

“कसलं नशीब! ती कुठं हाय, ते सासूला घरबसल्या फोनवर दिसतंय. माहेरी पाऊल टाकलेलं चालत न्हाय. तिचा तडकलेला अँड्रॉइडच बरा होता.”

“मग भेटती कशी तुमाला?”

“दर शुक्रवारी अंबाबाईला म्हणून निघती. देवळाबाहेर ओटीच्या दुकानात फोन ठेवती, आन् मंगळवार पेठेत माझ्याकडं पळत येती.”

“सासूला संशय न्हाय येत?”

“सासू गावभर सांगत फिरती, सून लई देवभोळी मिळाली.”