रेड्यानं मोडलेला खांदा

(खालापुरातला फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना. सदूकाका स्टुलावर, बाजूला चाकांच्या खुर्चीत त्यांची बायको, सोनाबाई. समोर फिजिओथेरपिस्ट अपेक्षा.)

अपेक्षा : व्यायाम पाचच वेळा करा म्हटलं होतं, काका. पाच! तुम्ही किती केलेत?

सदू : पन्नास. सांजला परत पन्नास. रविवारच्या आत हात चालाया पायजे.

अपेक्षा : म्हणूनच तो आता कमरेच्या वर जात नाही! तीन वर्षांचं दुखणं आहे हे. लावणी नाही, एका दिवसात उरकायला.

सदू : लावनीवरनं आठवलं. एकदा मी एकट्यानं तीन एकर लावलं. तवर सूर्याला मावळू दिलं नाय—

अपेक्षा : काका!

सदू : बरं, मावळला. पन लाजत.

अपेक्षा : आधी म्हणालात, चिखलातून रेडा उपसला म्हणून खांदा गेला. मग दोन रेडे झाले. मागच्या मंगळवारी रेडा पाताळगंगेच्या पुरात, आणि त्याच्या पाठीवर साप! खरं कळल्याशिवाय मी व्यायाम काय अंदाजानं देऊ?

सदू : साप काढ. रेडा ऱ्हाऊ दे.

सोनाबाई : रेडा मी हाय, बाय.

सदू : सोने, गप गं.

सोनाबाई : तीन वर्सं गपच हाय! अर्धांग झाल्यापासनं ह्येच मला खाटंवरनं उचलतात. दिसातनं आठ वेळा, काखंत हात घालून. आन् गावभर सांगतात, रेडा!

सदू : मग काय सांगू? बायकोच्या वजनानं खांदा गेला?

सोनाबाई : व्हय, त्येच! माझं नाव सांगायचं. पुरातला साप कशाला पायजे मधी?

अपेक्षा : आणि रविवारी काय आहे?

सदू : ऋतिक येतोय, आमचा पोरगा. म्हनतो, बाबा, तुमच्यानं होत नाय, आईला खोपोलीला नेतो. चौथा मजला. तिथं हिला अंगन नाय, हितं मला ही नाय.

अपेक्षा : हे आज सांगताय! आणि मी तुम्हाला महिनाभर भिंतीवर बोटं चढवायला लावतेय! फाडा तो व्यायामाचा कागद.

सदू : म्हंजे संपलं?

अपेक्षा : आता सुरू. काकूंच्या कमरेला हा रुंद पट्टा बांधा. दोन्ही हातांनी धरा, कोपरं अंगाशी. जोर पायांचा, खांद्याचा नाही. काकू, उजवा पाय भार घेतो ना?

सोनाबाई : घेतो की. ह्यांनी कदी इचारलंच नाय.

अपेक्षा : मग निम्मं उठणं तुमचं. आज सरावाला तीनदा करायचं आणि थांबायचं. दुखणं वाढलं तर दोनदाच.

सदू : तीनानं काय व्हतंय?

अपेक्षा : पन्नासानं काय झालं ते दिसतंय!

सोनाबाई : या, धरा पट्टा. अवं, वढू नका... थांबा जरा. आदी मला जोर लावू द्या.