पाठीचं माप

गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. थोरलीच्या गुडघ्याला पट्टा, धाकटीच्या पाठीवर कोरी सॅक. मी बिनदिक्कत ऐकत होतो.

“ताई, ही हलकी आहे.”

“हलकी म्हणजे नुसता कागद. बाजूला बांधलेल्या स्कीची धार एकदा घासली की टराटरा फाटेल. ही जाड कापडाची घे.”

“भावजी म्हणाले, बर्फात चढताना हलकीच बरी.”

“तुझे भावजी दहा वर्षं माझ्या पाठीवर जाडच बघत आलेत. तेव्हा तोंड नव्हतं उघडलं.”

“मी जायला नकोय का तुला?”

“जा की! मीच नाव सुचवलं ना तुझं? डॉक्टरांनी मला घरी बसवलंय. दोराच्या दुसऱ्या टोकाला ह्यांना कुणीतरी हवंच.”

“कुणीतरी?”

“बरं, तू. पंधरा दिवसांत माझ्याशी बोलले नसतील एवढं तुझ्याशी बोललेत.”

“सरावाचं बोलतो गं आम्ही.”

“माहितेय. आमचंही सरावातच जमलं होतं.”

दुकानदाराने जाड सॅक धाकटीच्या पाठीला लावून बघितली.

“कमरेचा पट्टा पार खाली उतरतोय. ह्यांची पाठ आखूड आहे. ही कुणाच्या मापाने निवडलीत?”

“माझ्या,” थोरली म्हणाली.

“अगं ताई, चढणार मी आहे!”

“चढ ना. तुझ्या मापाची घे, हलकी घे, हवी ती घे. आणि भाऊ, ही जाड मला बांधून द्या.”

“पण तू तर यंदा…”

“यंदा नाहीच. दाराशी टांगून ठेवीन. निघताना ह्यांना दिसू दे.”