कोल्ड रूममधलं श्रीखंड

आमच्या शिरीषला पीएचडीला विषय कुठला मिळावा, तर बर्फ! सिंगापूरमध्ये, बोला! थंड देशांत विजेच्या मोठ्या तारा चिनी मातीच्या चकत्यांवर टांगतात. त्यांवर बर्फ साचला की कधीकधी वीज चकत्यांवरून उडी मारते आणि गावंच्या गावं अंधारात जातात. ती उडी नेमकी कधी पडते, हे माझ्या नवऱ्याला शोधायचं होतं. लॅबच्या कोल्ड रूममध्ये चकत्यांवर बर्फ चढवायचा, बाहेर येऊन वीज सोडायची. वर्ष गेलं, पण उडी काही पडेना. स्कॉलरशिप संपत आली, मी मनातल्या मनात पुण्याला जायचं सामान बांधायला लागले.

त्यात पाडवा आला. आमच्या सेंगकांग भागातल्या फ्लॅटवर सगळी मंडळी जेवायला, आणि फ्रिजमध्ये श्रीखंड मावेना. म्हटलं, "तुझ्या कोल्ड रूममध्ये ठेव."

डबे आणायला मीच गेले आणि दार सताड उघडं टाकून एकेक बाहेर काढत बसले.

"अगं, दार! बर्फाला पाणी सुटलं!" शिरीष ओरडला.

"मग उरक की तुझा प्रयोग पटकन!"

त्याने चिडून दार लावलं, वीज सोडली. काड्‌कन आवाज झाला आणि चकत्यांवरून निळा लोळ गेला! कडक बर्फ गप्प बसला होता. घात केला तो पाणी सुटायला लागलेल्या बर्फाने.

प्रोफेसर धावत आले. "या वेळी वेगळं काय केलंस?"

शिरीषने आधी माझ्याकडे, मग डब्यांकडे बोट दाखवलं.

प्रोफेसरांनी श्रीखंड चाखलं. "लॅबमध्ये खाणं आणायचं नाही," ते म्हणाले आणि इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावून पुढे बोलले, "पण उद्या बायकोला आण, लाह. दार उघडायला."