थांबाकाकांनी न विकलेला मोठा कॅमेरा

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले कॅमेऱ्याच्या दुकानाचे मालक, ज्यांचं एक जुनं गुपित मला ठाऊक आहे. डाव्या हाताला ओळीने बसलेले मान्यवर पाहुणे, ज्यांची नावं मला आत्ताच सांगितली आणि मी आत्ताच विसरले. आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती. समोर बसलेल्या माझ्या बहिणींनो, भावांनो, आणि चहाच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या मागच्या रांगेतल्या मुलांनो, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्या हातात कागद दिसतोय, तो नुसता शोभेला आहे. भाषण मी सांगितलं, नातीने लिहून घेतलं. मला अक्षरओळख नाही. कागद उलटा धरला असेल तर पहिल्या रांगेतल्यांनी कृपा करून खूण करावी.

गेली अडतीस वर्षं हा गृहस्थ एका काउंटरमागे उभा आहे. साऱ्या बाजारपेठेत याला नावाने कुणी ओळखत नाही. सगळे म्हणतात थांबाकाका. का? तर गिऱ्हाइकाने पाकीट बाहेर काढलं की हा पहिला शब्द बोलतो, “थांबा!” आता सांगा अध्यक्ष महोदय, जगात असा विक्रेता कुणी पाहिलाय का? आणि असा माणूस नोकरीवर ठेवणारा मालक? सत्कार खरं तर दोघांचा व्हायला हवा.

मी यांच्याकडे कशी गेले ते सांगते. माझी सून एका शिलाईच्या कारखान्यात बावीस वर्षं कामाला होती. दवाखान्यातले कोट, एप्रन शिवायचे. चाळीस बायका, चाळीस मशिनी. एक दिवस बातमी आली, महिनाअखेर कारखाना बंद. सून घरी येऊन तांदूळ निवडत बसली. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले.

माझ्या नातीला सिनेमा करण्याचं वेड. शिकवणाऱ्या संस्थेत प्रवेश हवा, तर दहा मिनिटांच्या आतली फिल्म पाठवा, असा नियम होता. ती म्हणाली, “आजी, मी आईच्या कारखान्याची फिल्म करणार.” कारखान्याच्या साहेबांनी परवानगी दिली, पण एकाच दिवसाची. शेवटच्या. हुकलं तर कारखानाही गेला आणि प्रवेशही गेला.

लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने थोडे पैसे साठवले होते. ते घेऊन आम्ही दोघी दुकानात गेलो. काचेत एक मोठा काळा कॅमेरा, पुढे हे एवढं नळकांडं. नात त्याच्याकडे अशी बघत होती, जसं लग्नाच्या वयात कुणीकुणी बघतं. मागच्या वर्षीचा माल, म्हणून किंमत उतरवलेली. आमचे सगळे पैसे घालून जेमतेम बसत होता.

“हाच द्या,” ती म्हणाली.

“थांबा,” हे म्हणाले.

मग सुरू झाली उलटतपासणी. काय टिपायचंय? कुठे? उजेड किती? कॅमेरा धरणार कोण?

नात म्हणाली, “मला बायकांशी बोलायचंय. म्हणजे धरणार आजी.”

यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मोठा कॅमेरा काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “आजी, मी सांगेपर्यंत असाच धरा.” स्वतःचे केस माझ्याहून पांढरे, आणि मला आजी! मी धरला. हे शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्याचा पट्टा बदलत बसले. पट्टा होईपर्यंत माझे हात दळण दळल्यासारखे हलायला लागले.

“बघ पोरी,” हे म्हणाले, “हे नळकांडं लांबचं जवळ आणतं, म्हणून सगळे यावर भाळतात. तुझ्या आईच्या कारखान्यात लांब काय आहे?”

नातीचं तोंड एवढंसं झालं. यांनी खालच्या कप्प्यातून एक छोटा कॅमेरा काढला. तळहातात मावेल एवढा. बाजूला पट्टा, त्यात पंजा सरकवायचा. त्याला दोन भोकं होती, एक बाहेरचा माइक लावायला, एक कानावरच्या हेडफोनसाठी. “ही दोन भोकं नसतील तर फुकट मिळाला तरी घेऊ नकोस. उरलेल्या पैशात माइक घे, जास्तीची बॅटरी घे. स्टँड माझ्याकडे एका फोटोवाल्याने टाकून दिलेला आहे, तो घेऊन जा. चित्र थोडं वाकडं आलं तर लोक मान वाकडी करून बघतात. आवाज खराब आला तर उठून जातात.”

मी म्हटलं, “भाऊ, मुलीचं मन मोडताय. दोन भोकांसाठी कुणी कॅमेरा घेतं का?”

यांनी वाद घातला नाही. माइक लावला, त्याचं तोंड दुकानाच्या आतल्या खोलीकडे केलं आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवला. मालक आत फोनवर बोलत होते. मला स्पष्ट ऐकू आलं, “हा माणूस एक दिवस माझं दुकान बुडवणार!”

मालक, रागावू नका. त्या एका वाक्याने माझी खात्री पटली. आम्ही छोटा कॅमेरा घेतला. पण नात घरापर्यंत फुरंगटून माझ्यापुढे चालत राहिली.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

निघताना यांनी मला बजावलं होतं, “आजी, हे एकच बटण तुमचं. लाल दिव्याकडे लक्ष ठेवा.” लक्ष ठेवा म्हणाले. लाल लागला की काय समजायचं, ते सांगितलं नाही! ज्याला अक्षर येत नाही तो रंगावर जगतो, हे शिकलेल्यांच्या लक्षात येत नाही. रस्त्यावर लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चालू. याच हिशोबाने मी आजवर एवढे रस्ते ओलांडले आणि जिवंत आहे.

कारखान्यात नात हात वर करायची, म्हणजे सुरू. हात खाली, म्हणजे बंद. पहिल्यांदा तिने हात वर केला, मी पाहिलं, हिरवा. म्हटलं, चालूच आहे. तिने हात खाली केला, मी बटण दाबलं, लाल. झालं बंद! कॅमेरा हातात लोंबकळत सोडला. दिवसभर असंच. संध्याकाळी साहेब मुख्य खटका पाडायला गेले, चाळीस मशिनी एकदम गप्प होणार, फिल्मचा तोच शेवट. मी श्वास रोखून कॅमेरा धरला. तसा तो कुणी पट्टीचा फोटोवालाही धरणार नाही. दिवा हिरवागार.

घरी येऊन नातीने पाहिलं. जे टिपायचं ते काहीच नाही. जे टिपायचं नव्हतं ते सगळं. जमीन, खुर्च्यांचे पाय, माझी डावी चप्पल.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “असू दे आजी,” आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “अगं, आमचं काय बघण्यासारखं होतं?” ते वाक्य मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी कॅमेरा पिशवीत घातला आणि दुकानात आले. म्हटलं, “भाऊ, हा परत घ्या. माझ्या हातून पोरीचं वाटोळं झालं.”

“थांबा,” हे म्हणाले.

हेडफोन कानाला लावला, कॅमेऱ्याचा पडदा मिटला, डोळे मिटले. काउंटरवर गिऱ्हाइकं उभी. एकाने विचारलं, “काका, बॅटरी आहे का?” यांनी डोळे न उघडताच बोट वर केलं. गिऱ्हाईक कंटाळून गेलं. मालक बाहेर येऊन बघून गेले. उभ्या उभ्या या माणसाने सगळं ऐकलं. मध्येच हसले. माझ्या सुनेला कुणीतरी म्हणालं होतं, “तुझ्या सासूने मघाशी कॅमेरा कसा धरला होता बघितलंस, जणू पहिलं नातवंड!” आणि सून म्हणाली होती, “तेवढ्या प्रेमाने तर त्यांनी मलाही कधी धरलं नाही गं!” चाळीस बायकांचं हसू. एकेक शब्द स्वच्छ. ती दोन भोकं!

मग यांचं हसू थांबलं. डोळे उघडून विचारलं, “आजी, हा टप टप आवाज कसला?”

पडदा उघडला. मशिनी बंद पडल्यानंतरचं होतं ते. मी कॅमेरा खाली सोडलेला, त्यामुळे नुसते पाय दिसत होते. वीज गेलेली, काम संपलेलं, तरी बायकांचे पाय मशिनीच्या पायट्या दाबतच होते. बोलता बोलता, हसता हसता. टप. टप. त्यातले एक पाय मी ओळखले. माझ्या सुनेचे.

यांनी तेवढा तुकडा पुन्हा एकदा लावला. मग म्हणाले, “पोरीला घेऊन या. तिला सांगा, आधी बघू नकोस. आधी ऐक.”

नातीने नऊ मिनिटांची फिल्म केली. कारखान्याच्या आवारात पांढरी चादर बांधून सगळ्यांना दाखवली. बायका स्वतःला चपलांवरून ओळखत होत्या. “ती बघ माझी, अंगठा तुटलेली!” शेवटी टप टप सुरू झालं तेव्हा मी शेजारी पाहिलं. अंधारात सुनेचा पाय हलत होता. घरी जाताना ती म्हणाली, “सासूबाई, बघण्यासारखं होतं हो.”

संस्थेत प्रवेश मिळाला. तिथल्या बाईंनी विचारलं म्हणे, “पाय टिपायची कल्पना कुणाची?” नातीने माझं नाव सांगितलं. मी नाकारलं नाही.

आज मी इथे हेच सांगायला उभी आहे, की मोठा कॅमेरा विकला असता तर या माणसाचा काही तोटा नव्हता. ज्यांच्या खिशात थोडंच असतं, त्यांना थांबवणारं कुणी भेटत नाही. सगळे घाईच करतात.

भाऊ, उद्या सकाळी तुम्ही उठाल, आवराल आणि तुमचे पाय आपोआप दुकानाकडे वळतील. मी सांगते, वळतीलच. मालक, तुम्हाला हात जोडून विनंती, तेव्हा त्यांना विचारू नका की आता कशाला आलात. एक स्टूल द्या. गिऱ्हाइकाने पाकीट काढलं की एवढं ‘थांबा’ त्यांना म्हणू द्या. दुकान अडतीस वर्षांत बुडलं नाही, आता काय बुडतंय?

माझी नात मागच्या भिंतीशी उभी आहे, तोच छोटा कॅमेरा घेऊन. काय गं, दिवा कुठला लागलाय? लाल? मग चालू आहे. आता मला कळतं.

मला बोलायला बोलावलंत, एवढा वेळ ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. पण पुसून मात्र टाकू नका. माझ्या चुका आधी यांना एकदा ऐकू द्या.